रॅमभाऊ

रॅमभाऊंचं खरं नाव आता फक्त लाइटबिलावर उरलं आहे. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत, त्यांच्या सहकारी बँकेत, एवढंच काय, वहिनींच्या माहेरीसुद्धा ते रॅमभाऊच. पन्नाशीला दोन-तीन वर्षं कमी, केस बेताचे आणि शर्टाच्या खिशात पेनाशेजारी कायम एक छोटा स्टार स्क्रूड्रायव्हर. बारशाला गेले तरी तो बरोबर असतो. बाहेर पाळणा म्हणणं चालू असतं आणि रॅमभाऊ आतल्या खोलीत यजमानांच्या कॉम्प्युटरचं झाकण उघडून बसलेले असतात. "अरे, केवढी ही धूळ! श्वास कसा घेणार तो?" असं जे आतून ऐकू येतं, ते बाळाबद्दल नसतं.

तुमच्याकडे कॉम्प्युटरचा डिस्प्ले येईनासा झाला की त्यांना हाक मारायची. ते येतात, पंखा बंद करायला लावतात, खिडकीच्या लोखंडी गजाला हात टेकवून अंगातली वीज उतरवतात आणि घरातल्या शाळकरी पोराकडे खोडरबर मागतात. रॅमची पट्टी काढायची, तिची सोनेरी कड खोडरबरने हलक्या हाताने घासायची, ब्रशने झटकायची आणि दोन्ही बाजूंनी खट्, खट् असा आवाज येईपर्यंत दाबायची. फुंकर मारायची नाही. फुंकर मारणाऱ्या माणसाबद्दल रॅमभाऊंचं मत चांगलं नाही. बहुतेक वेळा मशीन सुरू होतं. मजुरी म्हणून चहा चालतो. पैसे काढलेत तर रागावतात. फक्त जाताना एक वाक्य टाकून जातात : "सध्या चालेल. पण एसएमपीएस बदलून घे."

एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारी ती पत्र्याची पेटी. हिच्यात काटकसर करायची नाही, हा रॅमभाऊंचा पहिला नियम. दुकानात गेले की ते खोक्यावरचे वॅट आधी वाचतच नाहीत. पेटी हातात घेऊन डोळे मिटून वजन बघतात. हलकी लागली तर एक शब्द न बोलता परत ठेवतात. "साडेचारशे वॅट लिहायला शाई किती लागते?" हे दुकानाबाहेर आल्यावर.

हे दुकान अर्थात लॅमिंग्टन रोडवरचं. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेलं आहे, पण ग्रँट रोड स्टेशनवर उतरणारा माणूस लॅमिंग्टन रोडच विचारतो. २०१५पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुट्टी मिळू लागली. इतर बँकवाले तेव्हापासून अलिबागला जायला लागले. रॅमभाऊ डोंबिवली-दादर-ग्रँट रोड करायला लागले. काही घ्यायचं असतंच असं नाही. भाव विचारायचे, डायरीत लिहायचे, दुकानातल्या पोराशी पुढच्या महिन्यात येणाऱ्या कार्डांच्या सिरीजबद्दल बोलायचं आणि परत यायचं. घ्यायचंच झालं तर मात्र पक्कं बिल, त्यावर सीरियल नंबर, अठरा टक्के जीएसटीसकट. "बिलाशिवाय दीड हजार कमी होतील" असं म्हणणाऱ्या दुकानदाराकडे ते असे बघतात, जणू त्याने बँकेच्या कॅशियरला खोटी नोट दिली आहे.

एकदा त्यांनी काचेच्या बाजूचं कॉम्प्युटर कॅबिनेट आणलं. संध्याकाळची वेळ, दादरला गर्दी, आणि छातीशी धरलेलं ते धूड. त्यांनी सरळ लगेजचा डबा पकडला. झेंडूच्या टोपल्या आणि पितळी समयांची गोणी यांच्या मध्ये उभे राहून घरी आले. फूलवाल्या मावशींनी विचारलं, "मासं पाळनार का?" रॅमभाऊंनी कल्याणपर्यंत जाणाऱ्या त्या मावशींना डोंबिवली येईपर्यंत हवा पुढून आत कशी येते आणि मागून-वरून बाहेर कशी जाते, ते समजावून सांगितलं. मावशींना पटलं असावं. रॅमभाऊ उतरताना त्यांनी खोक्याला हात दिला.

आता एवढं सगळं कशासाठी, असं कोणीही विचारील. रॅमभाऊंचं उत्तर तयार असतं : "बॉटलनेक होतोय." कॉम्प्युटरमधला सगळ्यात हळू भाग बाकीच्यांना अडवून धरतो, आणि तो बदलला की दुसरा कुठलातरी सगळ्यात हळू ठरतो. हे म्हणणं शास्त्राला धरून आहे, त्यामुळे वाद घालता येत नाही. मागे त्यांनी १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणला. तो सेकंदाला १४४ चित्रं दाखवू शकतो. मग कार्डाने तेवढी पुरवायला नकोत का? ग्राफिक्स कार्ड आणलं. ते तीन सेंटिमीटरनी कॅबिनेटात मावेना, म्हणून वर सांगितलेलं कॅबिनेट आलं. कार्डाची भूक जुन्या एसएमपीएसला झेपेना, तो बदलला. कॅबिनेट टेबलाखाली जाईना, म्हणून सुतार बोलावला. सुताराने माप घेतलं, जरा मागे सरून बघितलं आणि म्हणाला, "साहेब, टेबल उंच केलं तर खुर्ची पण बदलावी लागेल." रॅमभाऊंना तो माणूस फार आवडला. अजून त्याचा नंबर ज्याला-त्याला देतात.

त्यांच्या तरुणपणीचा पराक्रम म्हणजे १९९८चा सेलेरॉन ३००ए. ही हकिकत आमच्या सोसायटीत लग्न ठरलेल्या प्रत्येक जावयाला एकदा ऐकावी लागते. इंटेलचा हा स्वस्तातला प्रोसेसर ३०० मेगाहर्ट्झचा. त्याचा गुणक साडेचारवर कुलूपबंद, बसचा वेग ६६. पण मदरबोर्डवर बस शंभरची करता आली, तर साडेचार गुणिले शंभर, म्हणजे तोच प्रोसेसर साडेचारशेवर पळायचा, आणि बरेचसे प्रोसेसर खरोखर पळायचे. "वडिलांनी तीनशेचे पैसे दिले होते," रॅमभाऊ खुर्चीत पुढे सरकतात, "मी साडेचारशेचा वापरला. दीडपट! बँकेत कुठली ठेव देते दीडपट एका रात्रीत?" हे बोलताना ते स्वतः बँकेत आहेत हे विसरतात. वडिलांना मात्र हा फायदा शेवटपर्यंत कळला नाही. त्यांना एवढंच दिसलं, की नवा कोरा कॉम्प्युटर आहे आणि पोरगा त्याचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावून बसला आहे.

गेम खेळतात का? खेळतात, म्हणजे सुरू करतात. २००७ साली क्रायसिस नावाचा गेम आला. भल्याभल्या मशीनची दमछाक व्हायची त्याने, आणि कुठलंही नवं कार्ड निघालं की "क्रायसिस चालेल का?" हा प्रश्न जगभर विचारला जायचा. रॅमभाऊंच्या तेव्हाच्या ८६०० जीटी कार्डावर तो स्लाइड शो झाला. तेव्हापासून नवं कार्ड आलं की ते आधी क्रायसिस लावतात, सुरुवातीच्या समुद्रकिनाऱ्यावर उतरतात, पाण्याकडे बघतात, झाडाच्या पानाजवळ जाऊन उभे राहतात आणि कोपऱ्यातला फ्रेमचा आकडा वाचतात. शत्रूचे सैनिक येऊन गोळ्या घालतात. "थांब रे जरा," असं त्यांना म्हणत रॅमभाऊ सावल्यांचं सेटिंग वाढवतात. त्या बेटावर पुढे काय होतं, हे त्यांना बहुधा आजही ठाऊक नसावं.

त्यांचा मुलगा नववीत आहे. त्याच्या हातात हे सगळं वैभव आयतं आलं. तो काय खेळतो? माइनक्राफ्ट. म्हणजे सगळं जग चौकोनी विटांचं, झाड विटांचं, गाय विटांची, सूर्यसुद्धा चौकोनी. पहिल्या दिवशी रॅमभाऊ त्याच्या मागे बराच वेळ उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "बाळा, ग्राफिक्स अल्ट्रावर कर ना." "अल्ट्रावरच आहे बाबा," बाळ म्हणाला. त्या रात्री रॅमभाऊ जेवले कमी.

वहिनींचा आणि या छंदाचा संबंध खोक्यांपुरता आहे. मदरबोर्डचं खोकं, कार्डाचं खोकं, पंख्यांची खोकी, सगळी माळ्यावर. "वॉरंटीला लागतात" हे कारण वॉरंटी संपून दहा वर्षं झालेल्या खोक्यांनाही लागू आहे. नवी वस्तू आली की रॅमभाऊ "जुनीच आहे, फक्त साफ केली" असं सांगून बघतात. पण वहिनी वस्तूकडे बघतच नाहीत, त्या खोकी मोजतात. शिवाय दिव्यांनी घोटाळा केला. रंगीत दिव्यांच्या रॅमच्या पट्ट्यांना रॅमभाऊ आधी "लग्नाचा मांडव" म्हणून नावं ठेवायचे. मग एका शनिवारी कुठून कोण जाणे, त्या आल्याच. "परवापर्यंत आत हिरवा उजेड होता," वहिनी कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाल्या, "साफ केल्यावर जांभळा झाला वाटतं?"

त्या उजेडाचा सूड वहिनींनी गणपतीत उगवला. दीड दिवसाच्या गणपतीच्या मखरामागे त्यांनी चक्क ते कॅबिनेट ठेवायला लावलं, काचेची बाजू पुढे. दिसत छानच होतं. आलेला प्रत्येक जण "लायटिंग कुठून आणलं?" विचारायचा आणि रॅमभाऊ प्रत्येकाला प्रामाणिकपणे डीडीआर५पासून सांगायला लागायचे. पण आरतीला सगळे डोळे मिटून उभे असताना यांचे उघडे. धूप, उदबत्ती, कापूर, सगळा धूर पुढच्या तीन पंख्यांनी शिस्तीत आत ओढला जात होता. "घालीन लोटांगण"ला त्यांनी घेतलेली प्रदक्षिणा कॅबिनेटच्या मागच्या बाजूला जरा जास्तच रेंगाळली. पुढे दिवाळीपर्यंत कुठलाही गेम सुरू केला की हॉलमध्ये चंदनाचा वास यायचा.

वाईट दिवसही त्यांनी काढले. सप्टेंबर २०२०मध्ये आरटीएक्स ३०८० हे कार्ड ६९९ डॉलरला बाजारात आलं, म्हणजे आलं असं म्हणतात. दिसलं कोणालाच नाही. टाळेबंदी, चिपांचा तुटवडा आणि त्यात इथेरियमचं आभासी नाणं पाडण्यासाठी कार्डं पोत्याने उचलणारे लोक. इकडे भाव लाखाच्या वर गेले. रॅमभाऊंच्या डायरीत त्या काळात आकडे नाहीत, नुसत्या तारखा आणि पुढे रेघ. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमने आपली पद्धतच बदलली, कार्डांची गरज संपली आणि तीच वापरलेली कार्डं स्वस्तात बाजारात आली. मला वाटलं, आता हे तुटून पडणार. पण नाही. "रात्रंदिवस राबवलंय रे त्याला," ते म्हणाले. "एक दिवस सुट्टी नाही, आणि आता म्हातारपणी मी पण कामाला लावू?"

रॅमभाऊंच्या हातून सुटलेला भाग भंगारात जात नाही, हे इथे सांगायला हवं. त्यांचं जुनं कार्ड नाशिकच्या भाच्याकडे जातं, भाच्याचं आमच्या सोसायटीच्या ऑफिसात. मेंटेनन्सच्या पावत्या छापणाऱ्या त्या मशीनमध्ये एके काळी मोटारींच्या शर्यती गाजवलेलं कार्ड आहे. सेक्रेटरींना एवढंच माहीत, की टेबलाखाली पायाशी गरम वारा लागतो. मी ज्या कॉम्प्युटरवर हे लिहितो आहे, त्यातला प्रोसेसर त्यांचाच. ते आमच्याकडे आले की सोफ्यावर बसण्याआधी कॅबिनेटवर तळहात ठेवून बघतात आणि "बरा आहे ना?" असं विचारतात, सासरी दिलेल्या मुलीची चौकशी करावी तसं. मी त्याच्यावर फक्त टायपिंग करतो, हे ऐकून त्यांचा चेहरा जरा उतरतो. पण दिल्या घरी सुखी आहे, एवढ्यावर ते समाधान मानतात.

आणि मग २०२५ सरता सरता रॅमचेच भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी पुरवता पुरवता कंपन्यांना तुमच्या-आमच्या पट्ट्या बनवायला सवड उरली नाही. बघता बघता भाव दुपटीच्या पुढे गेले. वहिनींना हे बातम्यांत कळलं. त्यांनी रॅमभाऊंना त्यांचा कुलपाचा खण उघडायला लावला. आतमध्ये गुलाबी आणि चंदेरी पिशव्यांत गुंडाळलेल्या कित्येक पट्ट्या. वहिनींचा स्वर कधी नव्हे इतका मऊ झाला. "अहो, हे सगळं विकलं तर एक बांगडी होईल." रॅमभाऊ एकेक पट्टी हातात घेऊन तिची हकिकत सांगू लागले. ही कुठे होती, कधी काढली, हिच्यावर पहिल्यांदा काय चालवलं. वहिनी थोडा वेळ ऐकून कुकर लावायला उठल्या.

त्याच आठवड्यात तळमजल्यावर पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या काकू वर आल्या. मुलगी आर्किटेक्चरला आहे, बिल्डिंगचं चित्र करायला घेतलं की कॉम्प्युटर गोठतो, आणि नव्या रॅमचा भाव ऐकून आपणच गोठलो, असं म्हणाल्या. रॅमभाऊंनी खणातल्या डीडीआर४च्या सोळा-सोळा जीबीच्या दोन पट्ट्या काढल्या. काकू पैशांचं विचारायला लागल्या, तर हे तिसरंच बोलत होते : "सोनेरी कडेला बोट लावायचं नाही. दोन्ही एका रंगाच्या खाचेत बसवायच्या. नाहीतर राहू दे, मीच येतो." गेले, बसवल्या, कॅबिनेट उघडलं आहेच म्हणून पंखे साफ केले, आणि वर आले ते शर्टाच्या खिशातली डायरी काढतच.

"तिचा एसएमपीएस फारच हलका आहे गं," ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले. "शनिवारी जरा लॅमिंग्टन रोडला जाऊन येतो. माझ्यासाठी नाही."

वहिनींनी मान वर केली नाही. "जा. खोकं तिच्याच घरी ठेवायचं."