नवं टाका, जुनं आहेच

अपग्रेडची खिडकी उघडते, हिरवी पट्टी सरकत सरकत टोकाला पोचते आणि शेवटी आपलं अभिनंदन होतं. कशाबद्दल, ते विचारायचं नाही. नवी आवृत्ती बसली म्हणे. जुनी कुठे गेली? बहुतेक वेळा कुठेच नाही.

जावाचंच घ्या. 2010 मध्ये ओरॅकलने सन मायक्रोसिस्टिम्स विकत घेतली आणि 85 कोटींहून जास्त संगणकांवर मुक्काम ठोकून असलेलं जावा आयतं पदरात पाडून घेतलं. अपडेट करा, सुरक्षित राहा, असा कंपनीचा धोशा. लोक बिचारे करत राहिले. प्रत्यक्षात अपडेट काढायचं ते फक्त लगतच्या आधीच्या एका आवृत्तीला. त्यामागच्या दोन-चार तशाच पडून. आणि ‘जावा 6’च्या दहाव्या अपडेटपूर्वीच्या आवृत्त्या असतील, तर त्यांच्या केसालाही धक्का नाही. आपल्याकडे जुना थर न खरवडता त्यावरच डांबर ओततात आणि चार पावसाळ्यांत तळमजल्याचा उंबरा रस्त्याखाली जातो, तसला हा कारभार. त्या जुन्या आवृत्त्यांतली भोकं जगजाहीर होती. चोराला नव्या जावाशी झटायचं कारणच नव्हतं.

हे कंपनीला ठाऊक नव्हतं असंही नाही. अपडेटची यंत्रणा धड काम करत नाही, अशी कबुली तिच्याच 2011 च्या अंतर्गत कागदपत्रांत होती. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर 2015 मध्ये कान धरला. शिक्षा काय? जुन्या आवृत्त्या शिल्लक आहेत हे ग्राहकाला सांगा आणि त्या काढायची सोय द्या. दंड शून्य. गंमत म्हणजे, याच जावाच्या इन्स्टॉलरमध्ये ‘आस्क’ नावाच्या आगंतुक टूलबारच्या चौकटीत बरोबरची खूण आधीच करून ठेवलेली असायची. काय बसवायचं, यात विसरभोळेपणा कधी झाला नाही.

आपल्याकडच्या ई-निविदावाल्या कंत्राटदारांनी मात्र जुनं जावा जिवापाड जपलं. डिजिटल सही घेणारी काही सरकारी संकेतस्थळं ठरावीक जुन्या आवृत्तीवाचून चालतच नसत. अपडेट केलं की निविदा बोंबलली!

तंत्रज्ञ म्हणतील, जुनं काढण्याची सोय आहे की. आहे ना. विंडोज इन्स्टॉलरमध्ये ‘रिमूव्ह एक्झिस्टिंग प्रॉडक्ट्स’ नावाची स्वतंत्र पायरीच आहे. ती सुरुवातीला ठेवली तर आधी जुनं निघतं, मग नवं बसतं. काम स्वच्छ, पण जुन्याबरोबर तुमच्या सेटिंगही जाण्याची भीती. शेवटी ठेवली तर बदललेल्याच फायली हलवाव्या लागतात, काम झटपट होतं. पण घटकांची मांडणी जरा चुकली, की निघताना जुनं नव्याच्या फायलीही घेऊन जातं. आणि दोन्ही आवृत्त्यांना जोडणारा अपग्रेड कोडच कोणी बदलून टाकला, तर नवी जुनीला ओळखतच नाही. मग यादीत दोघी शेजारीशेजारी, एकाच नावाच्या. एवढा खटाटोप कोण करणार? नवं बटण दाखवलं की टाळ्या पडतात. जुनी फाईल काढली म्हणून कोणाला बढती मिळालेली ऐकली आहे?

मायक्रोसॉफ्टने एकदा साफसफाई मनावर घेतली. 2 ऑक्टोबर 2018 ला विंडोज 10 चं नवं अपडेट आलं. काहींनी ‘डॉक्युमेंट्स’सारखे फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवले होते, पण काही फायली मूळ जागीच राहिल्या होत्या. अपडेटला त्या जुन्या जागा रिकाम्या, निरुपयोगी वाटल्या. आतल्या फायलींसकट गेल्या. चार दिवसांत अपडेट थांबवावं लागलं आणि दुरुस्त होऊन परत यायला नोव्हेंबर उजाडला.

पण या खात्यातला मानाचा नारळ अमेरिकेतल्याच नाइट कॅपिटलला. शेअरचे सौदे करणाऱ्या या कंपनीने ‘पॉवर पेग’ नावाची जुनी आज्ञावली 2003 मध्ये वापरातून काढली. वापरातून फक्त, सर्व्हरवरून नाही. 2005 मध्ये तिचं ‘पुरे, आता थांब’ सांगणारं मोजमाप दुसरीकडे हलवलं. ती तरीही आतच. 2012 च्या जुलैअखेरीला नवी आज्ञावली बसवली आणि पॉवर पेगला जागं करणारी जुनीच खूण नव्या कामासाठी वापरली. सर्व्हर आठ, नवी आज्ञावली पोचली सातांवर. आठवा राहून गेला.

1 ऑगस्टला बाजार उघडण्यापूर्वीच पॉवर पेगचं नाव घेऊन 97 ई-मेल आपोआप कर्मचाऱ्यांना गेले. कोणी दखल घेतली नाही. बाजार उघडला, आठव्या सर्व्हरवरची म्हातारी उठली आणि सौदे करत सुटली. थांब म्हणणारं कोणी उरलंच नव्हतं. 212 ऑर्डरींचे 40 लाखांहून अधिक व्यवहार झाले, 45 मिनिटांत, आणि तोटा 46 कोटी डॉलरच्या वर.

त्या गोंधळात काढाकाढीही झाली, नाही असं नाही. जिथे नवी आज्ञावली नीट बसली होती त्या सात सर्व्हरवरून ती काढली! म्हणजे मग आठही सर्व्हरवर पॉवर पेग.

शेअर बाजाराच्या नियामकाने पुढच्या वर्षी 1 कोटी 20 लाख डॉलर दंड केला. तोवर कंपनी गेट्कोत विलीन होऊन नवी कंपनी उभी राहिली होती. तिचं नाव केसीजी होल्डिंग्ज. नाइट कॅपिटल ग्रुपच्या इंग्रजी आद्याक्षरांसकट.