मानाची लस

जी वस्तू आपल्याला मिळणार नाही असं सरकारी कागदावर छापून येतं, तिच्याविषयी दादूला एकाएकी माया वाटू लागते. तीच वस्तू कुणी घरी आणून हातात ठेवली, की दादू ती उलटीसुलटी करून बघतो आणि विचारतो, "हेच्यात खोट काय आसा?"

दादू हे त्याचं खरं नाव नाही. खरं नाव लिहिलं तर तो कुडाळच्या वकिलाकडून मला नोटीस पाठवील, आणि नाही लिहिलं तर "माझा नाव घालूक तुका लाज वाटली?" म्हणून भांडायला येईल. दुसरं होण्याचा संभव जास्त, म्हणून नाव घातलेलं नाही. भांडायला आला की चहा तरी होतो.

आमचं वालावल कर्ली नदीच्या काठचं. लक्ष्मीनारायणाचं जुनं देऊळ, देवळाला लागून तळी, माड-पोफळीच्या बागा, आणि त्या बागांच्या सावलीत बसून दिल्लीचा कारभार चालवणारी माणसं. दादू त्यांतला. कागदोपत्री बागायतदार. म्हणजे माड आहेत. पाडप कोण करतो आणि शिपणं कोण करतो, हे विचारायचं नाही.

२०२०च्या मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावात येऊ लागले आणि त्यांना चौदा दिवस शाळेत ठेवायचं ठरलं, तेव्हा दादूला पहिल्यांदा अधिकार मिळाला. गावाच्या वेशीवर आडवा बांबू टाकून तो उभा राहिला. सख्ख्या भावालाही त्याने सोडलं नाही. रोज पेज आणि सुक्या बांगड्याचा डबा शाळेच्या गडग्यावर ठेवायचा, दहा पावलं मागे सरायचा आणि "कसा वाटता?" म्हणून पाचवी-ब च्या खिडकीकडे बघून ओरडायचा. पंधराव्या दिवशी भाऊ घरी आला. दादूने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. भावाचं वजन वाढलं होतं. "बरा आसा तुमचा," दादू म्हणाला, "माका आजून कोणी चौदा दिस बसवन जेवूक घालूक नाय."

एवढ्यावरून पुढचं सगळं आमच्या लक्षात यायला हवं होतं.

१६ जानेवारी २०२१ला लसीकरण सुरू झालं ते डॉक्टर, परिचारिका, आशा, अंगणवाडीताई यांच्यापासून. दादूचं मत तेव्हा स्वच्छ होतं. "आधी डॉक्टरांक टोचतत ता बरा. बघूया किती जगतत." पंधरवडा गेला, सगळे जगले, नि दादू अस्वस्थ झाला. फेब्रुवारीत पोलीस आणि महसूलवाल्यांना लस मिळू लागली. पंचायतीतल्या शिपायाने शर्टाची बाही वर करून दंड दाखवला, त्या दिवशी दादू जेवला नाही असं त्याची बायको सांगते. तशात लसीची खोकी भूतान आणि मालदीवला विमानाने गेल्याचं त्याने वाचलं होतंच. "पुण्यात तयार होता, आपल्याच राज्यात," तो पारावर बसून हिशेब मांडायचा, "भूतानाक पोचली, मालदीवाक पोचली, आणि वालावलाक येवक तिका वाट गावना नाय!"

१ मार्चला साठीच्या वरच्यांची पाळी आली. घरात पात्र माणूस एकच, दादूची आई. म्हातारी अठ्ठ्याहत्तर वर्षांची, कानाने कमी, जिभेने नाही. दादूने तिला थांबवायला पाहिलं. वर्तमानपत्रातली कात्रणं दाखवली, मोबाइलवरचा एक बाबा दाखवला. म्हातारीने दंड उघडा करून देवीच्या लसीचा वण त्याच्यासमोर धरला. "मेल्या, देवी टोचणारो इलो तेव्हा मी पोफळीत लपान बसलेलंय. माझ्या बापाशीन माका ओढून आणल्यान आणि खांबाक धरून उभी केल्यान. आता गावात कोणाच्या तोंडावर देवीचे वण दिसतत तुका? माझ्यावांगडा येतंस तर ये, नायतर रिक्षेचे पैशे काड."

दादू गेला. म्हातारीने लस घेतली, अर्धा तास बाकावर बसली, शेजारणीशी सुनांबद्दल बोलली आणि उठली. दादू मात्र त्या अर्ध्या तासात भिंतीवरचा कागद वाचत होता. साठच्या आतल्यांनाही लस मिळणार होती, पण वय किमान पंचेचाळीस हवं आणि यादीतल्या वीस आजारांपैकी एखादा अंगात हवा. हृदय, मूत्रपिंड, यकृत, कर्करोग. दादूने यादी वरून खाली आणि खालून वर वाचली. त्याला साखर होती, पण ती पाच वर्षांची. यादीला दहा वर्षांहून जुनी साखर हवी होती, आणि सोबत औषधावरचा रक्तदाब. दादूने कुडाळच्या डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब मोजून घेतला. नॉर्मल निघाला. "नीट मोजा," दादू म्हणाला. पुन्हा मोजला. पुन्हा नॉर्मल. डॉक्टरांनी त्याचं अभिनंदन केलं, तेव्हा तो खरोखरच संतापला. तिसऱ्यांदा पारा थोडा चढला, पण लस मिळण्याइतका नाही. आजार मिळाला असता तरी उपयोग नव्हता, कारण अडचण वयातच होती, आणि ती १ एप्रिलला उघडी पडली.

१ एप्रिलपासून पंचेचाळीसच्या वरच्या सगळ्यांना लस. आजाराची अट गेली. जन्म १ जानेवारी १९७७च्या आधीचा असला म्हणजे झालं. दादूच्या आधारकार्डावर १ जून १९७७.

इथे बाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं की आमच्या पिढीतली निम्मी शाळा १ जूनला जन्मलेली आहे. आई पोराला शाळेत घेऊन जायची, गुरुजी विचारायचे "जन्म कधीचा?", आई सांगायची "लावणी चालू होती", आणि गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. साल लिहितानाही हात सढळ असे. पुढे नोकरीला वय आडवं येऊ नये म्हणून पोराला वर्षभर लहान करून टाकत. म्हातारी शपथेवर सांगते की दादू आणीबाणीच्या ऐन पावसात झाला, म्हणजे १९७६. नोकरी दादूने आयुष्यात केली नाही. ती एक वर्षाची सवलत चाळीस वर्षं तशीच पडून होती, ती आता आडवी आली. वर त्याच बाकावर बसणारा, त्याच्याहून दोन-तीन महिन्यांनी लहान बाबलो गुरुजींच्या त्या दिवशीच्या लहरीप्रमाणे १ जून १९७६चा. बाबल्याला लस मिळाली. "रातभर ताप, काय सांगू तुका," बाबलो पारावर सांगत होता, आणि दादू तो ताप असा ऐकत होता की बाबल्यालाच अवघडल्यासारखं झालं.

दादू पंचायतीत गेला, जन्मतारीख दुरुस्त करून मागितली. तिथे त्याला शाळेचा दाखला, प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली प्रसिद्धी अशी वाट समजावून सांगण्यात आली. हिशेब केला तर ती वाट संपेपर्यंत दादू कागदावरसुद्धा पंचेचाळीसचा होत होता.

दादू लसीच्या विरुद्ध नव्हता, बाजूनेही नव्हता. तो विज्ञानावर बोलायचा तेव्हा मी ऐकतही नसे, कारण भांडण विज्ञानाचं नव्हतंच. आमच्याकडे जत्रेत पहिला नारळ कुणाचा, पालखीला पहिला खांदा कुणाचा, गाऱ्हाण्यात कुणाचं नाव आधी, यावरून भावकीत दोन-दोन पिढ्या बोलणं बंद असतं. नारळ प्रत्येकाच्या परड्यात पडलेले असतात. भांडण होतं ते क्रमांकासाठी. सरकारने लसीची रांग लावली ती कुणाला धोका जास्त, हे बघून. दादूने ती वाचली मानकऱ्यांच्या यादीसारखी. त्या यादीत डॉक्टर वर, पोलीस वर, शिपाई वर, स्वतःची आई वर, बाबलो वर, आणि दादू कुठेच नाही. आणि असं वाचणारा तो एकटा होता असं मला वाटत नाही. शहरात लस घेतल्याबरोबर दंडासकट फोटो टाकणारी माणसं दुसरं काय करत होती? फक्त त्यांच्या फोटोंना पाचशे लाइक पडत, आणि दादूचं बोलणं ऐकायला पारावर दोन म्हातारे नि एक कुत्रा.

मे महिना त्याच्या दृष्टीने सगळ्यात वाईट. १ मेपासून अठरा ते चव्वेचाळीसची पाळी आली, पण नोंदणी मोबाइलवरच. दादू सकाळ-संध्याकाळ सड्यावर जाऊन रेंज शोधायचा. ओटीपी येईपर्यंत स्लॉट संपायचा. शहरातली पोरं खेड्यांतल्या केंद्रांवरचे स्लॉट पकडून गाड्या काढून येतात, अशी ओरड तेव्हा राज्यभर होती. त्यामुळे वाडीत अनोळखी गाडी दिसली की दादू तिच्यामागे चालत जायचा. १२ मेला साठा नाही म्हणून राज्याने ह्या वयोगटाचं लसीकरणच थांबवलं. १६ मेला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं. माड मोडले, विजेचे खांब आडवे झाले, फोन मुके झाले. रात्री मेणबत्तीच्या उजेडात सगळा गाव सारखाच अपात्र होता. मोडलेल्या माडांच्या नुकसानीत दादू होता हे खरं, पण त्या दिवसांइतका शांत दादू मी आधी पाहिला नव्हता. लोकांची कौलं शाकारायला आपण होऊन गेला. बाबल्याचीसुद्धा.

मग २१ जून उजाडला. अठराच्या वरच्या सगळ्यांना केंद्राकडून मोफत लस. साठा हळूहळू येऊ लागला, आणि एक दिवस आशाताई दादूच्या खळ्यात उभी राहिली.

"दादानू, उद्या शाळेत कॅम्प आसा. आधार कार्ड घेवन येवा."

"माका काय घाई नाय," दादू म्हणाला.

"अहो, गेल्या म्हयन्यात तर तुमी माझ्या दारात येवन बसलेलात!"

"तेव्हा गावत नाय होती. आता सगळ्यांक देतत. सगळ्यांक देतत म्हणजे उरलेलीच असतली ना गो?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तीच आशाताई धावत आली. बाटली फोडली होती. एका बाटलीत दहा डोस असतात, फोडली की चार तासांत संपवायची. नऊ माणसं झाली होती, एक कमी होतं.

"चला बेगीन, तुमी दहावे."

"दहावो?" दादू आरामखुर्चीतून उठलाच. "मी दहावो कित्याक?"

आमच्या आशाताईला मानधन किती मिळतं ते विचारू नका, पण गावऱ्हाटी तिला जिल्हाधिकाऱ्यापेक्षा जास्त कळते. तिने क्षणभर विचार केला. "बरा. मगे दुसऱ्या बाटलीचे पयले तुमी. पण एकट्यासाठी बाटली फोडूक गावची नाय. दहा जण व्हये."

ती दहावा माणूस शोधायला पुढच्या घरी गेली. दादूने शर्ट घातला आणि बाहेर पडला. त्या दुपारी दादू घराघरांतून फिरला. ज्यांना त्याने सहा महिने लसीबद्दल नाही नाही ते सांगितलं होतं, त्यांनाच आता तो "काय होवचा नाय, माझी आवस बघ, भांडता कशी!" म्हणून दंडाला धरून बाहेर काढत होता. माडी काढायला माडावर चढलेल्या एकाला त्याने खाली उतरवलं. नऊ माणसं घेऊन दादू शाळेत शिरला, बाकी सगळ्यांना मागे सारलं आणि नवी बाटली फोडताना स्वतः डोळ्यांनी पाहिली. पाचवी-ब च्या वर्गात, पंख्याखाली अर्धा तास बसला. वाडीतलं त्या दिवसाचं लसीकरण पूर्ण झालं ते असं, आणि त्याबद्दल दादूचा सत्कार कुणी केला नाही याचं दुःख त्याला अजून आहे.

पहिला डोस झाला तसा तो दुसऱ्याला अपात्र ठरला. कोविशील्डच्या दोन डोसांतलं अंतर मेपासूनच बारा ते सोळा आठवडे केलेलं. चौऱ्याऐंशी दिवस थांबा. झालं! दादूला दुसरा डोस दुसऱ्याच दिवशी हवा होता. चतुर्थीला मुंबईहून आलेले भाचे-पुतणे फोनवर दोन डोसांचं प्रमाणपत्र दाखवायचे, ज्यावर त्यांना लोकलमध्ये बसायला मिळत होतं. दादूने आपलं एका डोसाचं प्रमाणपत्र कुडाळला जाऊन लॅमिनेट करून आणलं होतं. आरतीच्या वेळी ते गणपतीच्या माटोळीखाली ठेवलेलं मी पाहिलंय.

चौऱ्याऐंशी दिवस सरले आणि अर्थातच दादूचा उत्साह सरला. तो दुसरा डोस कदाचित राहूनच गेला असता, पण ९ ऑक्टोबरला चिपीचा विमानतळ सुरू झाला आणि दोन डोस नसलेल्यांना विमानात घेत नाहीत असं कुणीतरी पारावर सांगितलं. दादूला विमानाने कुठेच जायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो केंद्राच्या दारात उभा.

जानेवारी २०२२मध्ये तिसरा डोस निघाला तो आरोग्य कर्मचारी आणि आजार असलेल्या साठीच्या वरच्यांसाठी, तेव्हा दादूने पुन्हा आपली जन्मतारीख काढली. ह्या वेळी सोळा वर्षं कमी पडत होती, तेवढी म्हातारीलाही आठवेनात. १५ जुलैला तोच डोस सगळ्या प्रौढांना पंचाहत्तर दिवस फुकट झाला. त्या पंचाहत्तर दिवसांत दादू केंद्राच्या रस्त्याने नारळ विकायला गेला, मयताला गेला, दशावतार बघायला गेला. आत एकदाही गेला नाही.

नाताळाच्या सुमारास टीव्हीवर नाकात थेंब टाकायच्या लसीची बातमी आली. आशाताई रस्त्याने जात होती, दादूने तिला हाक मारली.

"ती नाकातली आपल्याकडे कधी येतली गो?"

"नाय येवची, दादानू. खासगी हॉस्पिटलातच गावतली."

"पैशे?"

"आठशे. वर टॅक्स."

दादूने पायातल्या चपला सारख्या केल्या. "कोल्हापुराक कोण जाता काय बघ."