दबा धरून बसलेली बोली

'लिलाव' हा शब्द पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्यास लागला, आणि मिरकरवाड्याच्या बंदरावर सुरमईच्या टोपलीभोवती तो अद्यापही चारचौघांसमक्ष, खड्या आवाजात, चालतो. परंतु ज्यांना घरबसल्या संगणकावर जुनी नाणी हस्तगत करावयाची असतात, ते सभ्य गृहस्थ आठवडाभर परम वैराग्य धारण करून, मुदतीस अवघे चार सेकंद उरले असता बोली टाकतात आणि या दबा धरण्यास मुत्सद्देगिरी म्हणतात. रॉथ आणि ऑकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी 2002 साली सप्रमाण दाखविले, की हा विकार ईबेसारख्या ठाम मुदतीच्या बाजारातच बळावतो. ॲमेझॉनच्या तत्कालीन लिलावात उशिराच्या बोलीने मुदतच लांबत असल्याने तेथे तो बेताचाच होता.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्याने मात्र दबा धरून स्वस्तात पदरात पाडण्याच्या या शास्त्राची पुरती बेअब्रू केली. खेड तालुक्यातील मुंबके गावची, दाऊद इब्राहिमच्या कुटुंबाकडून सरकारजमा झालेली जमीन 5 जानेवारी 2024 रोजी मुंबईत लिलावास निघाली, तेव्हा सुमारे 171 चौरस मीटरच्या, 15,440 रुपये राखीव किमतीच्या एका तुकड्यावर बोली थांबली ती 2 कोटी 1 लाखावर, म्हणजे तेराशे पटीवर! अन्य दोन मिळकतींकडे कोणी फिरकलेदेखील नाही.

तेव्हापासून आमचे एक शेजारी, ज्यांच्या वडिलोपार्जित कातळास चौदा हिस्सेदार असून गिऱ्हाईक एकही नाही, आपल्या सातबाऱ्यावर एखाद्या नामांकित फरारी आसामीचे नाव चढविता येईल काय, याची तलाठ्याकडे खाजगीत चौकशी करीत असतात.