नाकारलेल्यांचे काका

न्यू जर्सीत मुलाकडे सहा महिने राहायला आलेल्या काकांची एक जात असते. सून दूध-भाजी घ्यायला सुपरमार्केटमध्ये शिरली, की हे दाराशीच रेंगाळतात. तिथे कॉइनस्टारचं हिरवं यंत्र असतं. घरची चिल्लर त्यात ओतायची, यंत्र ती मोजतं, आपला कट कापतं आणि पावती देतं. काकांना त्या मोजणीशी कर्तव्य नाही. त्यांचा डोळा परतीच्या कप्प्यावर, यंत्राने नाकारलेल्या नाण्यांवर. पावती हातात पडली की लोक चालू लागतात, कप्पा चाचपायला कुणाला वेळ नसतो. काकांकडे व्हिसा संपेपर्यंत वेळच वेळ.

चाचपण्याचीही रीत आहे. आधी बुटाची नाडी बांधायला वाकायचं (पायात सँडल का असेनात), मग दोन बोटं अलगद आत सरकवायची. बहुतेकदा कॅनडाचं नाणं निघतं, नाहीतर शर्टाचं बटण. पण एखाद्या दिवशी डाइम, म्हणजे दहा सेंटचं नाणं, लागतो, आणि काकांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

कारण 1964 सालापर्यंतच्या डाइममध्ये आणि क्वार्टरमध्ये (पंचवीस सेंटच्या नाण्यात) 90 टक्के चांदी असे. 1965 पासून तांबं-निकेल आलं. चांदीचा डाइम अडीच ग्रॅम भरतो, नवा 2.27. यंत्राला नव्याची सवय, त्यामुळे अस्सल नाणं ते खोटं म्हणून बाहेर टाकतं. जन्मभर बँकेच्या कॅश काउंटरवर बसलेल्या माणसाला याहून मोठं सुख कुठलं? "मशीन कसलं, प्रोबेशनवरचं पोरगं आहे!" साल वाचायचा चष्मा घरी राहिलेला असतो, म्हणून काका कड बघतात. नव्याच्या कडेला तांब्याची रेघ दिसते, चांदीची कड सगळी पांढरी.

"बाबा, काय करताय?"

"काही नाही गं, नाडी."

लूट सुपारीच्या डबीत जमते. मुलगा म्हणतो, "बाबा, एवढ्यात पेट्रोलही निघत नाही." काका डबी खिशात टाकतात. पेट्रोल तुझं, चांदी माझी.

परवा मात्र कप्प्यात चक्क भारताचं दोन रुपयांचं नाणं निघालं. जेवताना काका तापले होते: "आपलाच कुणीतरी मेला इथे दोन रुपये खपवायला बघतोय! नाक कापतात देशाचं!" सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. शनिवारी बरणीभर चिल्लर घेऊन तोच गेला होता. त्याला नेमका ऑफिसचा फोन आला.