नसलेल्या मॉनिटरवर विंडो उघडणाऱ्या प्रोग्रॅमरला खुले पत्र

प्रोग्रॅमर महाशय,

तुमचा बिलाचा प्रोग्रॅम चालू आहे. टास्कबारवर त्याचे चिन्ह आहे, क्लिक केले की ते उजळते, आणि स्क्रीनवर काहीच येत नाही.

हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये काट्याच्या खोलीत दोन मॉनिटर होते. एक लिहिणाऱ्यापुढे, दुसरा खिडकीकडे तोंड करून, शेतकऱ्याला वजन आणि भाव दिसावा म्हणून. हा दुसरा बिघडला आणि दुरुस्तीला गेला. दुसऱ्या दिवशी तुमच्या प्रोग्रॅमने विंडो त्याच्याच जागी नेऊन उघडली. बाहेर कापसाच्या गाड्या खोळंबल्या आणि आत ऑपरेटर कॉम्प्युटर बंद-चालू करत बसला. त्याने काय होणार? चुकीची जागा तुम्हीच फाइलीत लिहून ठेवली होती. शिव्या मात्र त्याने खाल्ल्या.

मुख्य मॉनिटरचा वरचा डावा कोपरा म्हणजे शून्य. डावीकडच्या मॉनिटरवरची जागा उणे आकड्यांत मोजली जाते. तो मॉनिटर काढला की ते आकडे कुठल्याच स्क्रीनवर पडत नाहीत, एवढे तुम्हाला कळायला हवे होते. एकापेक्षा जास्त मॉनिटरची सोय विंडोज 98 पासून आहे. एखादा चौकोन कोणत्या मॉनिटरवर येतो हे सांगणारे ‘मॉनिटरफ्रॉमरेक्ट’ हे फंक्शनही तेव्हापासून आहे. चार ओळींचे काम, आणि पंचवीस वर्षांहून जास्त अवधी! तुम्ही ते केले नाही, कारण गाड्यांची रांग तुमच्या दारात लागत नाही.

तुमच्यामुळे अडलेल्यांसाठी इथेच लिहितो. ऑल्ट-टॅबने प्रोग्रॅम पुढे घ्या. ऑल्ट-स्पेस, मग एम, मग एकदा कोणताही बाण दाबा. आता माउस हलवला की विंडो त्याच्यामागे येते, आली की क्लिक करून सोडा. विंडो मॅक्सिमाइझ केलेली असेल तर आधी ऑल्ट-स्पेस आणि आर. मॉनिटर नुसता बंद असेल आणि वायर जोडलेली असेल, तर कित्येकदा विंडोजला तो आहे असेच वाटते. तेव्हा विंडोज-पी दाबून फक्त कॉम्प्युटरची स्क्रीन निवडा. काही प्रोग्रॅमना ऑल्ट-स्पेससुद्धा लागू होत नाही, कारण वरची पट्टी प्रोग्रॅमरने आपल्या हौसेने रंगवलेली असते. ही हौस कोणासाठी?

कधी वर्ध्याला आलात तर मगन संग्रहालयात चरखे बघा. संग्रहालय 1938 सालचे. त्याआधी, 1929 मध्ये, अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्याला एक लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. बाईला आठ तास फारसे श्रम न पडता तो चालवता यावा आणि वेळच्या वेळी देखभाल केली तर वीस वर्षे टिकावा, अशा त्याच्या अटी होत्या. यंत्र करणाऱ्याने चालवणाऱ्याचा विचार आधीच करायचा, हेच त्या अटी सांगत होत्या.

तेव्हा पुढच्या आवृत्तीत दोन गोष्टी घाला. उघडताना साठवलेली जागा आत्ता जोडलेल्या मॉनिटरवर येते का ते तपासा, नाहीतर विंडो मुख्य स्क्रीनवर आणा. आणि प्रोग्रॅम सुरू होताना शिफ्ट धरली तर जुनी जागा विसरायची सोय द्या. दसऱ्यानंतर कापसाची आवक वाढते. त्याआधी द्या.

— वर्ध्याहून, कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक जण