साहेबाचा पूर्वज कसा शोधावा

इंग्रज पूर्वजाच्या शोधात निघणाऱ्याने सर्वप्रथम सरदार-उमरावांची आशा सोडावी. घराण्यात एखादा लॉर्ड असावा, लॉर्ड नाही तर निदान बिशप असावा, असं कुणालाही वाटतं. पण पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या हद्दीच्या, दप्तराला सज्जन माणसाचं फारसं कौतुक नाही. सज्जनाच्या वाट्याला तीन ओळी येतात: बाप्तिस्मा झाला, लग्न झालं, पुरला. ज्याने कर्ज बुडवलं, ज्याचं लफडं चव्हाट्यावर आलं, ज्याला गावाने वेशीबाहेर काढलं, त्याच्यावर मात्र पानंच्या पानं खर्ची पडलेली असतात. तेव्हा आरंभी शोधकाने देवाकडे मागावा तो एखादा उनाड खापरपणजोबा.

दप्तरातल्या या वह्या शोधकाच्या सोयीसाठी ठेवलेल्या नाहीत, हेही मनाशी पक्कं करावं. ५ सप्टेंबर १५३८ रोजी आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने फर्मान काढलं: प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं दर आठवड्याला लिहून ठेवावीत, वही दोन कुलपांच्या पेटीत बंद करावी, कसूर केल्यास तीन शिलिंग चार पेन्स दंड. आता बारशावर कर बसणार, अशी कुजबुज लगेच सुरू झाली. क्रॉमवेलचं मुंडकं दोन वर्षांत उडालं, वह्या मात्र राहिल्या. कुजबुज करणारेही अगदीच चुकले नव्हते, त्यांना फक्त दीडशे वर्षांची घाई झाली होती. १६९५ साली फ्रान्सशी चाललेल्या लढाईच्या खर्चासाठी जन्म, लग्न आणि दफन या तिन्हींवर खरोखरच कर बसला. १७८३ साली पुन्हा प्रत्येक नोंदीमागे तीन पेन्स आले, त्यातून कंगालांना सूट होती. त्यामुळे १७८३ ते १७९४ च्या दरम्यान आपला चांगला खातापिता पूर्वज एकाएकी कंगाल म्हणून नोंदलेला दिसला, तर शोधकाने हळहळू नये. माणूस हिशेबी होता, एवढंच समजावं.

१६०३ मध्ये पेटीला तिसरं कुलूप लागलं. एक किल्ली पाद्र्याकडे, दोन चर्चवॉर्डनांकडे. उंदीर आणि ओल यांना किल्लीची गरज कधीच पडली नाही.

हात बसावा म्हणून सुरुवातीला एखादं नामांकित गिऱ्हाईक घ्यावं. वॉरविकशायरमधलं स्ट्रॅटफर्ड हे गाव त्यासाठी उत्तम. तिथल्या होली ट्रिनिटी चर्चच्या वहीत २६ एप्रिल १५६४ खाली जॉन शेक्सपिअरचा मुलगा विल्यम याच्या बाप्तिस्म्याची ओळ आहे, लॅटिनमध्ये. ओळ पाहून गहिवरण्यापूर्वी शोधकाने दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, ही जन्मतारीख नव्हे; २३ एप्रिल हा जयंतीचा दिवस लोकांनी आपल्या सोयीने ठरवलेला आहे. दोन, ही ओळ त्या दिवशी लिहिलेलीच नाही. जुन्या कागदी वह्या चर्मपत्रावर उतरवून काढाव्यात, असा हुकूम एलिझाबेथ राणीच्या काळात १५९८ साली निघाला, आणि स्ट्रॅटफर्डची आज दिसते ती वही १६०० च्या सुमाराची नक्कल आहे. राणी गादीवर आली त्या १५५८ सालापासून तरी नक्कल कराच, असं हुकुमात होतं. कित्येक पाद्र्यांनी त्याचा अर्थ ‘त्याआधीची केली नाही तरी चालेल’ असा लावला आणि पहिली वीस वर्षं कायमची निकालात काढली. शासकीय परिपत्रक असं वाचणारे लोक फक्त आपल्याकडेच असतात, हा गैरसमज इथे दूर होतो.

आता लग्न. विल्यमच्या लग्नाची नोंद पॅरिशच्या कुठल्याही वहीत सापडलेली नाही. वूस्टरच्या बिशपच्या दप्तरात २७ नोव्हेंबर १५८२ रोजी त्याला परवाना मिळाल्याचं लिहिलंय, पण वधू आहे टेंपल ग्राफ्टनची अ‍ॅन व्हेटली. दुसऱ्याच दिवशी स्ट्रॅटफर्डच्या दोन शेतकऱ्यांनी चाळीस पौंडांचा जामीन लिहून दिला, आणि त्यात वधू आहे स्ट्रॅटफर्डची अ‍ॅन हॅथवे. काही चरित्रकारांनी या एका रात्रीत एक अख्खी विरहिणी उभी केली. कंटाळवाणा पण पटणारा खुलासा असा, की त्याच सुमारास त्या कचेरीत व्हेटली नावाच्या इसमाचा खटला चालू होता आणि कारकुनाच्या लेखणीतून तेच नाव उतरलं. वंशशोधनात प्रेमत्रिकोण आढळल्यास प्रथम कारकुनावर संशय घ्यावा. थोरल्या मुलीचा, सुझॅनाचा, बाप्तिस्मा २६ मे १५८३ चा आहे. नोव्हेंबर ते मे महिने मोजू नयेत. मोजल्यास मोठ्याने मोजू नयेत.

हॅम्नेट आणि जुडिथ या जुळ्यांची नोंद २ फेब्रुवारी १५८४ अशी दिसेल, ती आजच्या हिशेबाने १५८५ ची. त्या काळी इंग्लंडचं वर्ष २५ मार्चला पालटायचं. पाडव्याला वर्ष बदलणाऱ्या वाचकाला यात अवघड काही नाही. गोंधळतो तो खुद्द साहेब. ही रीत १७५२ पासून बंद झाली. त्याच वर्षी २ सप्टेंबरनंतर एकदम १४ तारीख उजाडली, तेव्हा मधल्या अकरा दिवसांत पणजोबांचा बाप्तिस्मा कुणी दाखवल्यास पावती मागावी.

पण या घराण्याचा खरा रंग कळतो तो दंडाच्या वहीत. कवीच्या वडिलांचा स्ट्रॅटफर्डमधला सर्वांत जुना उल्लेख आहे १५५२ चा, आणि तो हेन्ली स्ट्रीटवर उकिरडा केल्याबद्दल झालेल्या एक शिलिंग दंडाचा. कवीचा जावई थॉमस क्विनी याने तर आजेसासऱ्यावरही मात केली. फेब्रुवारी १६१६ मध्ये लेंटच्या उपवासाआधीच्या निषिद्ध काळात त्याने योग्य परवान्याशिवाय जुडिथशी लग्न केलं. मार्चमध्ये मार्गरेट व्हीलर नावाची बाई बाळंतपणात गेली, मूलही गेलं. २६ मार्चला क्विनीने चर्चच्या कोर्टात आपला संबंध कबूल केला. पांढरी चादर पांघरून चर्चमध्ये उभं राहण्याची शिक्षा गरिबांसाठी पाच शिलिंगांवर मिटली. महिनाभरात सासरे वारले. आता बोधाचा भाग: या खटल्याची वही स्ट्रॅटफर्डला नव्हती. ती पार दुसऱ्या टोकाला, केंट परगण्यातल्या मेडस्टोनच्या दप्तरखान्यात निघाली आणि १९६४ साली उजेडात आली. कागद योग्य जागी नसेल तर अयोग्य जागी असतो, हे शोधकाने गृहीत धरावं.

शेक्सपिअरचे थेट वंशज म्हणवणारे भेटल्यास नमस्कार करून पुढे जावं. नात एलिझाबेथ १६७० मध्ये निपुत्रिक वारली आणि वंश तिथेच खुंटला.

एवढा सराव झाल्यावर आपल्या माणसाकडे वळावं, म्हणजे गरिबाकडे. १६६२ च्या कायद्याने वर्षाला दहा पौंडांपेक्षा कमी भाड्याच्या घरात उतरलेल्या उपऱ्याला चाळीस दिवसांच्या आत तक्रार करून मूळ गावी परत धाडता येई, कारण पुढे तो आजारी पडला की पोसायची पाळी पॅरिशवर. त्याला दोन मॅजिस्ट्रेटांपुढे शपथेवर सांगावं लागे: जन्म कुठला, उमेदवारी कुणाकडे केली, कुणाकडे सलग वर्षभर चाकरी केली, लग्न कधी, पोरं किती. आयुष्यात कधी सही न केलेल्या मजुराचं हे आत्मचरित्र, शेवटी त्याच्या हातची फुली. दिवस गेलेली अविवाहित बाई दिसली की गरिबांचा खर्च पाहणारे गावचे ओव्हरसीअर तिला लगबगीने शेजारच्या हद्दीत पोचवत, कारण मूल जिथे जन्मेल त्या पॅरिशच्या गळ्यात पडे. बाप्तिस्म्याच्या वहीत जिथे बापाचं नाव गाळलेलं असतं, तिथे मुलाच्या खर्चाबद्दल ओव्हरसीअरने करून घेतलेल्या करारनाम्यात ते सापडण्याचा संभव असतो. पाद्र्याला पाप लपवण्यात रस असेल, ओव्हरसीअरला खर्च वसूल करायचा होता.

१६५३ ते १६६० या काळात काहीच सापडलं नाही तर निराश होऊ नये. राजा नव्हता, लग्नं मॅजिस्ट्रेट लावत होते आणि वह्यांची आबाळ झाली होती. १८१३ पासून छापील रकाने आले, १ जुलै १८३७ पासून सरकारी नोंदणी. तिथून पुढचा शोध सोपा, म्हणून या मार्गदर्शनात त्याला जागा नाही.

राहता राहिला तो पूर्वज, जो बाप्तिस्म्यानंतर गावातून नाहीसा होतो आणि पुन्हा दिसतच नाही. त्याला लगेच मेलेला समजू नये, तो मुंबईला आलेला असू शकतो. ईस्ट इंडिया कंपनीचे पाद्री इथल्या बाप्तिस्म्यांच्या, लग्नांच्या आणि दफनांच्या नकला लंडनला पाठवत. मुंबई इलाख्याच्या त्या वह्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून मिळतात. मुंबईत इंग्रज माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं, अशी म्हण सतराव्या शतकाच्या अखेरीस रूढ होती, आणि त्यानंतर हवा काही एकदम सुधारली नाही. तेव्हा लग्नाच्या वहीआधी दफनाची मागवावी.