ओक्केमदी

मंद्रूपात पाण्याची टंचाई पडली असेल, होकाराची कधी पडली नाही. मराठीतलं 'बरं' आहे, 'हां' आहे. कर्नाटकाची हद्द जवळ, म्हणून 'हौद्री' आहे. दखनी बोलणाऱ्यांचं लांबवलेलं 'हौ' तर एसटीच्या मागच्या सीटवरून ड्रायव्हरला ऐकू जातं. घरात एवढं असताना या गावानं 'ओके' कशाला घेतलं असेल?

मला वाटतं, आपलं 'बरं' फार चुगलखोर आहे. त्याच्या नुसत्या सुरावरून घरात राग आहे की लोभ, पाहुणा उठणार की जेवूनच जाणार, सगळं कळतं. 'ओके'वरून काहीच कळत नाही. मेकॅनिकनं 'ओके' म्हणून परत दिलेला ट्रॅक्टर किती ओके आहे, हे पुढच्या चढालाच समजतं. आणि उसने पैसे मागितल्यावर जो 'ओके ओके' म्हणतो त्यानं कबूल काही केलेलं नसतं, नुसतं ऐकलेलं असतं.

या शब्दाचा जन्मच मुळी थट्टेत झाला. 23 मार्च 1839 रोजी 'बोस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये तो छापून आला. तिथल्या पत्रकारांना तेव्हा मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरं छापायचं खूळ लागलं होतं. 'ऑल करेक्ट'चं स्पेलिंग 'ओ' आणि 'के'नं सुरू करायचं, म्हणजे 'सगळं बरोबर' हेच चुकीचं लिहायचं! त्याच्यासारखे बाकीचे विनोद लवकरच मेले; याला निवडणुकीनं तारलं. 1840 साली राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन पुन्हा उभे राहिले. गाव किंडरहूक, म्हणून ते 'ओल्ड किंडरहूक'. कार्यकर्त्यांनी लगेच 'ओके क्लब' काढले. ब्युरेन पडले, शब्द निवडून आला. शब्द मोठा झाल्यावर त्याला ग्रीक, स्कॉटिश, चॉक्टॉ असे बरेच बाप निघाले. खरा शोधला तो कोलंबिया विद्यापीठाच्या अ‍ॅलन वॉकर रीड यांनी, 1960च्या दशकात.

चुकीच्या स्पेलिंगला आपण मात्र नाकं मुरडू नयेत. आपल्याच दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलला शके 940चा, म्हणजे इसवी सन 1018चा मराठी शिलालेख आहे. जो वाचील तो विजयी होवो, असा आशीर्वाद त्यात कोरलाय. 'वाचील'च्या जागी तिथं 'वाछि' आहे. शाळेच्या वहीत असतं तर गुरुजींनी लाल शाईनं गोल केला असता.

मंद्रूपवरून जाणाऱ्या विजापूर महामार्गावर हा शब्द ट्रकांच्या पाठीवर बसून येतो-जातो: 'हॉर्न ओके प्लीज'. मधल्या 'ओके'चं तिथं काम काय? कुणी युद्धकाळातल्या रॉकेलवरच्या गाड्यांची गोष्ट सांगतं, कुणी साबणाच्या जाहिरातीची. दोन्ही गोष्टी चहाबरोबर चांगल्या लागतात. 2015 साली महाराष्ट्राच्या परिवहन खात्यानं या ओळीवर बंदी आणली, कारण तिच्यामुळं हॉर्न वाजवायला चेव येतो. खोडी हॉर्नची, मार मात्र 'ओके'नंही खाल्ला.

पण या शब्दाचं खरं बारसं झालं ते आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाकडून. जून 2022 मध्ये सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीच्या हॉटेलातून फोनवर बोलले, आणि झाडी, डोंगार, हाटील यांच्या मागोमाग 'ओक्केमदी' महाराष्ट्रभर झालं. राजकारण बाजूला ठेवा, व्याकरण बघा. इंग्रजी माणूस नुसता ओके असतो. आपण मजेत असतो, खुशीत असतो, तोऱ्यात असतो. मराठी माणसाला मनाची अवस्थासुद्धा आत जाऊन बसायची जागा वाटते. बापूंनी 'ओके'ला तशीच जागा करून टाकलं, वर 'क'ला 'क' जोडून भिंत पक्की केली. बोस्टनच्या त्या पत्रकारांनाही इतकं सुचलं नव्हतं.

तेव्हा कोशकारांना एक विनंती. पुढच्या आवृत्तीत हा शब्द घ्याल तेव्हा मूळ इंग्रजी म्हणून जरूर लिहा, पण 'मदी' गाळू नका. आणि त्याचं 'मध्ये' तर मुळीच करू नका.